तपासनीस कोणाचा?



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे बडोद्यात जमतो, ते आपले सर रसायनशास्त्र शिकवत. समोर बसलेल्यांपैकी बरेचजण त्यांच्या हाताखालून गेलेले आहेत. आठवतंय का, प्रयोगवही तपासताना ते कशावर रागवायचे? खाडाखोडीवर कधीच नाही. ब्युरेटची तिन्ही वाचनं शेवटच्या दशांशापर्यंत सारखी आली की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. “तिन्ही सारखी? पुन्हा कर. माझ्यासमोर कर.” आज मला विषय दिला आहे तो कारखान्यांनी स्वेच्छेनं करायच्या पर्यावरण लेखापरीक्षणाचा. पण खरं सांगायचं तर सरांचा तो एकच प्रश्न मी आज पुन्हा पुन्हा विचारणार आहे. आकडे इतके सरळ कसे आले?

लेखापरीक्षण हा शब्द जड आहे. कारखान्यात सगळे ऑडिटच म्हणतात, मीही तेच म्हणेन. ऑडिट म्हटलं की आपल्याला सीए आणि मार्च महिना आठवतो. पर्यावरणाच्या ऑडिटमध्ये पैशाऐवजी पदार्थाचा हिशेब मांडायचा असतो. दारातून आत किती कच्चा माल आला? त्यातला किती पक्का माल झाला? उरलेला गेला कुठे? धुराड्यातून वर, गटारातून बाहेर, की गाळ होऊन मागच्या आवारात? सांडपाणी शुद्ध करणारा ईटीपी खरोखर चालतो, की अधिकारी येणार असले की चालतो? प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात जे लिहिलंय आणि प्रत्यक्षात जे होतंय, त्यात अंतर किती? हे प्रश्न कारखान्यानं स्वतःला, कोणी न सांगता विचारायचे, ही झाली स्वेच्छेची तपासणी.

आणि हे प्रश्न बडोद्यात विचारायचे नाहीत तर कुठे? १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी त्रिभुवनदास गज्जरांच्या हाती कलाभवन सोपवलं. त्याच गज्जरांनी १९०७ मध्ये आपले विद्यार्थी कोटिभास्कर आणि राजमित्र बी. डी. अमीन यांच्यासह अलेम्बिक उभी केली. त्या आरंभात एक मराठी आडनाव होतं, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. पुढे साठच्या दशकात बाजव्याकडे खताचा कारखाना आला, १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली, १९६९ मध्ये आयपीसीएल स्थापन झाली, मग नंदेसरीची वसाहत. आपल्यातल्या किती घरांची सकाळ कंपनीच्या बसच्या वेळेवर ठरत होती! घरं उभी राहिली, मुलं शिकली ती या कारखान्यांवर. हे ऋण मी नाकारत नाही, आणि माझं बोलणं कारखान्यांच्या विरोधात आहे असं कृपया कोणी समजू नये.

पण सांडपाण्याचं काय झालं? वसाहतीच्या कडेनं मिनी नदी वाहते, ती महीला मिळते. महीच्या काठी फाजलपूरला, पोइच्याला आपल्या फ्रेंच विहिरी आहेत. त्यांचं पाणी आपण पितो. तेव्हा कारखान्यांचं पाणी नदीत नको म्हणून एक कालवा बांधला. सुमारे ५६ किलोमीटरचा. १९८३ पासून तो हे पाणी पादरा तालुक्यातून नेत नेत जंबुसर तालुक्यात सरोदजवळ महीच्या मुखाशी सोडतो. म्हणजे वर मही प्यायची आणि खाली सांडपाणी महीतच सोडायचं. त्या काळी तो धाडसाचा, विचारानं केलेला उपाय होता. पण कालव्यानं पाणी लांब जातं. स्वच्छ होत नाही. आणि या दोन टोकांच्या मधल्या ५६ किलोमीटरमध्ये गावं आहेत, विहिरी आहेत, उन्हाळ्यात पाण्यासाठी आसुसलेली शेतं आहेत. त्या गावांतल्या तक्रारी जुन्या आहेत. शेतकऱ्यांनी तेच पाणी उपसून पिकाला दिल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचल्या. त्यांनी ते का दिलं, हा प्रश्न त्यांना विचारण्याआधी आपल्याला विचारायला हवा.

२००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले. शंभरपैकी जितके जास्त तितकं वाईट. अंकलेश्वर ८८.५० घेऊन पहिलं आलं. महाराष्ट्रातलं चंद्रपूर ८३.८८. आपलं बडोदं ६६.९१. सत्तरच्या खाली राहिलो म्हणून ‘अतिगंभीर’ यादीतून वाचलो. हे वाचणं कसलं, ते तुम्हीच ठरवा.

आता कायद्याकडे. पाण्याचा कायदा १९७४ चा, हवेचा १९८१ चा, आणि भोपाळनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा. कायदे कमी नाहीत. पण निरीक्षक वर्षातून एखाद-दोनदा येणार, कारखाना मात्र वर्षाचे ३६५ दिवस चालणार. रात्री दोन वाजता कोणता व्हॉल्व्ह उघडला हे निरीक्षकाला कळत नाही. ते कोणाला कळतं? तिथल्या ऑपरेटरला कळतं. म्हणूनच जगभर एक विचार पुढे आला, की ज्याला कळतं त्यालाच तपासायला लावा.

त्या विचाराची सुरुवातही एका वाईट प्रसंगातून झाली. १९७५ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात केपोन नावाचं कीटकनाशक बनवणारे कामगार आजारी पडू लागले, त्यांचे हात थरथरू लागले, आणि जेम्स नदीत मासेमारीवर बंदी आली. ती बंदी उठायला पुढे तेरा वर्षं लागली. त्यानंतर मोठ्या रासायनिक कंपन्यांना कळलं की आपल्याच कारखान्यात काय चाललंय हे आपल्या संचालकांना माहीत नसतं. मग त्यांनी स्वतःची तपासणी सुरू केली. १९८६ मध्ये तिथल्या पर्यावरण खात्यानं अशा स्वेच्छेच्या ऑडिटला उत्तेजन देणारं धोरणही काढलं.

आपल्याकडे काय झालं? मार्च १९९२ मध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढली की संमतीपत्र लागणाऱ्या कारखान्यांनी दरवर्षी ‘पर्यावरण ऑडिट अहवाल’ द्यावा. एप्रिल १९९३ मध्ये तीत दुरुस्ती झाली. ‘ऑडिट अहवाल’ हे शब्द गेले, ‘पर्यावरण निवेदन’ हे आले. फॉर्म पाच, दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत भरायचा. एका शब्दाची दुरुस्ती, पण तिच्याबरोबर तपासण्याची कल्पनाच गेली आणि सांगण्याची राहिली. हा फॉर्म तुम्ही कधी पाहिलाय? फार चांगला फॉर्म आहे हो! एकेक टन मालामागे पाणी किती लागलं, कच्चा माल किती लागला, गेल्या वर्षी किती लागला होता, प्रदूषण रोखण्याच्या उपायांमुळे उत्पादनाच्या खर्चावर काय परिणाम झाला, सगळं विचारलं आहे. पण मी असे फॉर्म पाहिलेत ज्यांत मागच्या वर्षीचा आकडा आणि या वर्षीचा आकडा दशांशापर्यंत सारखा होता. सर असते तर म्हणाले असते, पुन्हा कर, माझ्यासमोर कर.

मित्रहो, माझा पहिला मुद्दा असा की स्वतःसाठी केलेलं ऑडिट ही फार मोलाची गोष्ट आहे, आणि ती आपण वाया घालवली.

एक अनुभव सांगतो. नाव सांगत नाही, वसाहतही सांगत नाही. औषधांचा कच्चा माल बनवणारे एक लहान उद्योजक माझ्याकडे आले. म्हणाले, “भाऊ, मला कोणाला दाखवायला कागद नको. टोल्युईन दर महिन्याला कमी पडतंय, ते जातंय कुठे एवढं शोधून द्या.” आम्ही तीन आठवडे हिशेब मांडला. ड्रममधून किती काढलं, रिॲक्टरमध्ये किती गेलं, परत किती मिळालं. दिवसपाळीचा ताळा बसायचा, रात्रपाळीचा बसायचा नाही. शेवटी एका रात्री दीड वाजता जाऊन उभे राहिलो. व्हेंटच्या कंडेन्सरला थंड पाणी देणारा व्हॉल्व्ह बंद होता. का? वीजबिल वाढतं म्हणून सुपरवायझरला कोणीतरी ओरडलं होतं, तेव्हापासून तो रात्री चिलर बंद ठेवायचा. विजेचे पैसे वाचत होते आणि त्याच्या कितीतरी पट पैशांचं टोल्युईन हवेत जात होतं, शेजारच्या चाळीतल्या मुलांच्या छातीत जात होतं. व्हॉल्व्ह उघडायला खर्च किती? काही नाही.

या ऑडिटमध्ये कोणी खोटं बोललं नाही. का बोललं नाही? कारण खोटं बोलून कोणाचाच फायदा नव्हता. मालकाला खरं हवं होतं. सगळं मर्म इथे आहे, म्हणून पुन्हा सांगतो: मालकाला खरं हवं होतं.

प्रदूषण म्हणजे पैसे देऊन विकत घेतलेला आणि माल न झालेला पदार्थ. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचं गाव आहे. तिथे एच-ॲसिड नावाचं रंगांसाठी लागणारं रसायन बनवलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालात त्याचा हिशेब आहे. माल झाला सुमारे ३७५ टन, आणि मागे उरला गाळ सुमारे २,४०० टन. एकास सहाहून अधिक! विहिरींचं पाणी लाल-काळं झालं. तो माल परदेशी गेला, गाळ गावात राहिला. पहिल्याच महिन्यात कोणी कागद-पेन्सिल घेऊन हा ताळेबंद मांडला असता, तर हे रसायन असं बनवायचं का, हा प्रश्न तिथेच उभा राहिला असता.

आता दुसरा मुद्दा, आणि यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे. कारण इथे माझाही हात आहे.

१९९५ मध्ये अहमदाबादच्या खारीकट कालव्याच्या खटल्यात गुजरात उच्च न्यायालयानं शेकडो कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. वटवा, ओढव, नरोड्याचं रंगीत पाणी खेडा जिल्ह्यातल्या भाताच्या शेतांत जात होतं. त्याच खटल्यातून डिसेंबर १९९६ मध्ये गुजरातेत सक्तीच्या पर्यावरण ऑडिटची योजना आली. देशात अशी पहिली. योजना विचारपूर्वक आखलेली होती. ऑडिट करणाऱ्या चमूत चौघं असावीत: पर्यावरण अभियंता, रासायनिक अभियंता, रसायनतज्ज्ञ आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. वर्षातून तीन भेटी, वेगवेगळ्या ऋतूंत. एकाच चमूनं एकच कारखाना लागोपाठ तीन वर्षांहून जास्त तपासायचा नाही. सगळं काही होतं. फक्त एक गोष्ट जुनीच राहिली. तपासनीस निवडायचा कारखान्यानं, आणि त्याची फी द्यायची कारखान्यानं.

ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. आपल्या आज्यांनी हे सांगून ठेवलंच होतं.

मी अशा एका चमूत रसायनतज्ज्ञ होतो. एका दुपारी धुराड्याच्या शिडीनं वर चढलो, प्लॅटफॉर्मवर उभं राहून नळी आत घातली, धूळ पकडणारी थिंबल काढली, प्रयोगशाळेत येऊन वाळवली, तोलली. धूळ अडवणाऱ्या बॅगफिल्टरच्या पिशव्या फाटलेल्या होत्या हे खाली दिसतच होतं. माझं वाचन आलं एका घनमीटरला ३८६ मिलिग्रॅम. मर्यादा १५०. चमूचे प्रमुख मला म्हणाले, “पिशव्यांची ऑर्डर दिलेली आहे, पुढच्या महिन्यात बसतील. एवढ्यासाठी त्यांचं काम कशाला बंद पाडायचं? १४१ लिहा.” ते वाईट गृहस्थ नव्हते. पुढच्या वर्षीचं काम हातचं गेलं तर चौघांचे पगार कुठून द्यायचे, हा त्यांचा प्रश्न खरा होता. मी १४१ लिहिलं. सही केली. पुढच्या भेटीला गेलो तेव्हा पिशव्या त्याच होत्या.

मी एकटा नव्हतो, हे पुढे जगाला कळलं. २००९ ते २०११ या काळात एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहकार्यानं अहमदाबाद आणि सुरत भागातल्या ४७३ कारखान्यांवर एक प्रयोग केला. यांतल्या डुफ्लो यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं. निम्म्या कारखान्यांत जुनी पद्धत चालू ठेवली. उरलेल्यांत चार बदल केले. तपासनीस चिठ्ठी टाकून ठरवला. त्याची फी एका सामायिक निधीतून, ठरलेल्या दरानं दिली. त्यानं मोजलेलं काही ठिकाणी दुसऱ्यांनी अचानक जाऊन पुन्हा मोजलं. आणि पुढच्या वर्षी त्याचं मोजमाप जितकं खरं, तितकं मानधन जास्त दिलं.

काय दिसलं? जुन्या पद्धतीत तपासनिसांच्या कागदावर धुळीची मर्यादा ओलांडणारे कारखाने होते शंभरात ७. स्वतंत्रपणे मोजल्यावर निघाले शंभरात ५९. सात आणि एकोणसाठ! आणि कागदावरचे आकडे कुठे दाटीनं बसले होते? १५० च्या किंचित खाली. माझ्या १४१ चे सगळे सख्खे भाऊ. नव्या पद्धतीत मर्यादेबाहेरचं वाचन मर्यादेत असल्याचं खोटं लिहिण्याचं प्रमाण ८० टक्क्यांनी घटलं. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते असं, की खरे आकडे येऊ लागल्यावर कारखान्यांनी प्रदूषण खरोखर कमी केलं, आणि जास्त घट झाली ती सर्वांत जास्त घाण करणाऱ्यांमध्ये. माणसं तीच होती, उपकरणं तीच, कायदा तोच. तपासनीस कोण नेमतो, फी कोणाच्या हातून येते आणि त्याचं मोजमाप कोण पडताळतं, एवढंच बदललं होतं. २०१५ मध्ये मंडळानं या प्रयोगाच्या आधारे ऑडिटचे नियम बदलले आणि तपासनीस चिठ्ठीनं ठरू लागले.

तेव्हा आत्तापर्यंत दोन तऱ्हेची ऑडिटं आपल्यासमोर आली. एक, मालकानं स्वतःला कळावं म्हणून केलेलं. त्यात खरं आपोआप येतं. दुसरं, दुसऱ्याला दाखवायला केलेलं. त्यात खरं यायला व्यवस्था लागते. आपण या दोन्हींची गल्लत केली, आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे. उद्योगांच्या सभांमध्ये मी ऐकतो, आम्ही स्वेच्छेनं ऑडिट करतो, आमच्याकडे आयएसओ १४००१ चं प्रमाणपत्र आहे, मग तुम्ही निरीक्षक कशाला पाठवता? मी त्यांना नम्रपणे सांगतो, तुम्ही घरी रोज वजन करता म्हणून डॉक्टरकडे जाणं बंद करता का? अमेरिकेतल्या रासायनिक उद्योगानं भोपाळनंतर स्वतःचा जबाबदारीचा कार्यक्रम आखला. पुढे २००० साली दोन संशोधकांनी तपासलं, तेव्हा कार्यक्रमात असलेल्या कंपन्या बाहेरच्यांपेक्षा जलद सुधारत नव्हत्या. नियम मोडणाऱ्याला तिथे कोणी बाहेर काढत नव्हतं. शपथ खरी असेलही, पण शपथेवर देखरेख नव्हती.

पण उद्योजकांचीही एक बाजू आहे आणि ती मी पूर्ण मनानं मांडतो. एखाद्यानं प्रामाणिकपणे स्वतःला तपासलं, दोष सापडला, कागदावर लिहिला. उद्या तोच कागद न्यायालयात त्याच्याविरुद्ध पुरावा झाला तर? मग तो म्हणणार, झाकली मूठ सव्वा लाखाची. न तपासणारा सुखी, तपासणारा अडचणीत. हा अन्याय आहे. यावर काहींनी उपाय काढला की ऑडिटचा अहवाल गोपनीयच ठेवू द्यावा. अमेरिकेत ओरेगन राज्यानं १९९३ मध्ये तसा कायदाच केला. मला तो मान्य नाही. पादरा तालुक्यातल्या विहिरीत काय उतरलंय हे कंपनीच्या कपाटात बंद राहावं, हे मला कधीच पटणार नाही.

त्यापेक्षा १९९५ मध्ये अमेरिकेच्याच केंद्रीय पर्यावरण खात्यानं केलेला सौदा मला शहाणपणाचा वाटतो. दोष स्वतः शोधलात, मुदतीत स्वतःहून कळवलात, दुरुस्त केलात, तर दंडाचा शिक्षेचा भाग माफ किंवा कमी. मात्र नियम मोडून जो पैसा वाचवला तो परत द्यावा लागेल. तोच दोष पुन्हा केलात, किंवा कोणाला गंभीर इजा झाली, तर माफी नाही. पहिल्या चुकीला कान धरून सोडावं आणि दुसऱ्यांदा सोडू नये, हे आपल्या घरातही चालतंच ना? आपल्या राज्यात असा स्पष्ट, लेखी सौदा हवा. फॉर्म पाचमध्ये ‘आम्हाला हा दोष सापडला’ असं लिहिणाऱ्याला नोटीस आणि ‘सर्व ठीक’ लिहिणाऱ्याला शांतता, हे चालू राहिलं तर सगळे ‘सर्व ठीक’च लिहिणार.

आणि तिसरी गोष्ट, लोकांच्या डोळ्यांची. इंडोनेशियानं १९९५ मध्ये कारखान्यांना रंग दिले, सोनेरीपासून काळ्यापर्यंत, आणि ते जाहीर केले. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१७ मध्ये धुराच्या मोजमापावरून कारखान्यांना एक ते पाच तारे द्यायला सुरुवात केली, आणि ते सर्वांसाठी जाहीर केले. त्याच वर्षी फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की सांडपाणी शुद्ध करण्याची यंत्रणा चालत नसेल तर तीन महिन्यांच्या नोटिशीनंतर कारखाना चालू देऊ नये. ती याचिका कोणी केली होती? पर्यावरण सुरक्षा समितीनं. आपल्या बडोद्याच्या संस्थेनं. आणि आता ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारनं देशभरासाठी पर्यावरण ऑडिटचे नियम काढले आहेत, त्यात तपासनीस चिठ्ठीसारख्या पद्धतीनं नेमायची तरतूद आहे. गुजरातेत उमगलेली गोष्ट देशाच्या नियमांत आली, याचा मला आनंद आहे.

पण चिठ्ठी टाकून नेमलेला माणूसही शेवटी शिडी चढणार आहे. वर कोणी पाहत नसतं. तिथे आणखी काय काय लागेल याची चर्चा आपण आत्ता प्रश्नांच्या वेळी करू. सभागृहात प्रयोगशाळेत काम करणारे, ईटीपी चालवणारे बरेच आहेत, त्यांनी बोलावं.

एक वस्तू मी आज सोबत आणली आहे. धुराड्यावर वाचनं टिपून घ्यायला मी खिशात एक लहान वही ठेवत असे. त्या दुपारचं पान तिच्यात आहे. वेळ, तापमान, थिंबलचं आधीचं वजन, नंतरचं वजन, आणि खाली ३८६. पुढच्या ओळीत चुकलेला एक आकडा खोडलेला आहे, त्याच्याशेजारी बरोबर आकडा लिहिला आहे. ही वही मी व्यासपीठावर सरांच्या फोटोशेजारी ठेवतो. ज्यांना पाहायची असेल त्यांनी जवळ येऊन पाहावी.